मायट्रल झडपेची तपासणी: छातीवरून एको की अन्ननलिकेतून?

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप गळते आहे, म्हणजे तिच्यातून रक्त उलटे जाते आहे, असे कळल्यावर छातीवरून होणारा नेहमीचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) पुरेसा आहे की अन्ननलिकेतून करायचा टीईई हवा, असा पेच अनेकांना पडतो.

त्रासाच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. टूडी एकोत रुग्ण डाव्या कुशीवर झोपतो, छातीला जेल लावून प्रोब फिरवतात आणि उपाशी राहावे लागत नाही. टीईईसाठी साधारण ६ तास पोट रिकामे ठेवून, घसा बधिर करून व गुंगीचे औषध देऊन नळी आत सोडतात. नंतर घसा दुखू शकतो, क्वचित अन्ननलिकेला इजाही होते. गिळताना घास अडकत असेल, तर ते डॉक्टरांना आधीच आवर्जून सांगावे.

चित्राच्या स्पष्टतेत मात्र टीईई पुढे आहे, कारण अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला (वरच्या कप्प्याला) लागूनच असते आणि मध्ये फासळ्या किंवा फुप्फुस येत नाही. झडपेचा तुटलेला तंतू, जंतुसंसर्गाची बारीक गाठ, कर्णिकेच्या कोपऱ्यातली गुठळी, कृत्रिम झडपेच्या कडेची गळती हे सारे त्यात अधिक नीट दिसते. पण गुंगीत रक्तदाब उतरल्यास गळती प्रत्यक्षापेक्षा कमी भासू शकते, म्हणून तिची तीव्रता जागेपणीच्या टूडी एकोशी ताडून पाहणे मला आवश्यक वाटते. झडप अरुंद झाली असेल तर तिच्या उघडणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळही (१.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र अरुंदपणा) बहुतेकदा टूडी एकोतच मोजता येते.

पहिले निदान आणि ठरावीक काळाने होणारी पाहणी यांसाठी टूडी एको योग्य. झडपेच्या संसर्गाचा किंवा कृत्रिम झडपेतील बिघाडाचा संशय असेल, अथवा दुरुस्तीची शस्त्रक्रिया ठरत असेल, तर डॉक्टरांनी सुचवलेला टीईई टाळू नये.