विज्ञान की बाकीचं? कुठल्या प्रश्नाला काय धरायचं

"सायन्सने सिद्ध केलं तरच मानेन" आणि "सायन्सला कुठे सगळं कळतं" यातलं कुठलं धरायचं असा घोळ होत असेल तर आधी प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण दोन्हीकडची मंडळी सगळ्याला एकच फूटपट्टी लावतात आणि मग तावातावाने भांडत बसतात.

प्रयोग की अनुभव?
इथे मी बिनशर्त प्रयोगाच्या बाजूने. रक्त काढलं की रोगी सुधारतो हा डॉक्टरांचा शेकडो वर्षांचा अनुभवच होता की, पण रक्त न काढलेल्यांशी तुलना कोण करत होतं? १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात जाण्याआधी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तर एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ जणी दगावत होत्या त्या जूनमध्ये २ वर आल्या. तरी कित्येक अनुभवी डॉक्टरांना पटलं नाही ते नाहीच. तेव्हा "मला गुण आला" एवढ्यावर औषध ठरवू नका प्लीज.

प्रयोग की गणित?
आता उलटं. मूळ संख्या (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या, २, ३, ५, ७ अशा) कधी संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलं. समजा संपल्या, तर सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा, आता यादीतल्या कुठल्याही संख्येने भागा, बाकी १ उरतेच, म्हणजे यादीबाहेरची एखादी मूळ संख्या आहेच. झालं, लॅब नाही की यंत्र नाही. आणि नुसतं तपासत बसलात तर फसाल, पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९१९ साली मांडलेला एक अंदाज ९० कोटींपर्यंत बरोबर येतो आणि ९०,६१,५०,२५७ ला पहिल्यांदा कोसळतो!

दुसऱ्याचा शब्द
आपल्या जुन्या तत्त्वज्ञानातले चार्वाक म्हणायचे फक्त प्रत्यक्षच खरं, न्यायदर्शनवाल्यांनी मात्र अनुमान (तर्काने काढलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द हीही प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायचे खात्रीचे मार्ग, धरली. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलेलं. हसू नका, तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी कळली? सायंटिस्टसुद्धा दुसऱ्याची रीडिंग्ज विश्वासानेच वापरतात, फरक एवढाच की तिथे शंका आली तर परत मोजता येतं. (आतून आलेल्या फीलिंगचं मात्र काय मोजणार, म्हणून ते माझ्या यादीत सगळ्यात खाली.)

आणि काय करावं हा प्रश्न
व्हेंटिलेटरवरचा म्हातारा माणूस घ्या. ऑक्सिजन किती, किडनी किती चालतेय, वाचायची शक्यता किती, हे सगळं विज्ञान सांगेल आणि तेच सांगू शकतं, तिथे अंगारे-धुपारे नकोत. पण नळ्या काढायच्या का हे त्या फाइलीत कुठल्याच पानावर नसतं. मुलीला एवढंच माहीत असतं की बाबा धडधाकट असताना दोनदा म्हणाले होते, मला असं पडून ठेवू नका.