वॉबल बोर्ड : सात महिने डुगडुगल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात पांडवलेण्यांच्या पायऱ्या उतरताना उजवा घोटा मुरगळला. सूज महिनाभरात उतरली, पण पाय कच्चाच राहिला. गोल्फ क्लब मैदानावर सपाट ट्रॅकवरसुद्धा मध्येच आत वळायचा. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "ताकद आहे हो, पण आपण कुठे टेकलोय हे पायालाच कळत नाहीये." मग 850 रुपयांना हा बोर्ड मागवला. 40 सेंटिमीटरची प्लायची चकती, खाली अर्धगोल. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "त्या पोळपाटावर काय नाचतोस रे?"

सुरुवात खुर्चीत बसून, नुसता पाय बोर्डवर ठेवून. ते सहज जमलं, म्हणून त्याच दिवशी उभा राहिलो आणि ओटा धरावा लागला. अंगाचं वजन आल्यावर तोच घोटा परका वाटतो. मी गुडघे ताठ करून उभा होतो. तसं केलं की घोटा काही करेना, सगळा तोल कमरेतून सावरायचा. गुडघे जरासे वाकवले आणि पोटरी, मांडी दोन्ही कामाला लागल्या. एवढ्याशा बदलाने कडा आपटायचा आवाज निम्म्यावर आला (खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही हे नोंदवलं).

खरी मेख डोळे मिटल्यावर कळली. स्नायू किती ताणलाय याची खबर मेंदूला देणारे संवेदक स्नायूंतच असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. बोर्ड सपाट असताना कोणती कड खाली जातेय हे मला मिटल्या डोळ्यांनी सांगता येतं. पण चवडा खाली झुकवला की अंदाज साफ चुकतो. मॅडमनी कारण सांगितलं: घोट्यातलं टॅलस हाड पुढे रुंद, मागे निमुळतं. चवडा खाली गेला की निमुळता भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो. पायरी उतरताना चवडा असाच खाली जातो, आणि माझा पाय तिथेच वळला होता. तेव्हापासून सराव मुद्दाम त्याच स्थितीत करतो, एक हात भिंतीला लावून. त्यात मान वर केली तर मात्र अजूनही भेलकांडतो.

तक्रारी आहेत. वरची खरखरीत पट्टी तिसऱ्या महिन्यात सुटली, विक्रेत्याने उत्तरही दिलं नाही. गुळगुळीत फरशीवर बोर्ड सरकतो. खाली योगा मॅट हवीच. मोजे घालून चढू नका, मी एकदा फ्रिजला मिठी मारलीये. ताज्या दुखण्यावर तर फिजिओला विचारल्याशिवाय हात लावू नका. चार तारे, पाचवा पट्टीने खाल्ला.

जमिनीवर उजव्या पायावर डोळे मिटून आता 40 सेकंद उभा राहतो. बोर्डवर 12. डावा पाय धडधाकट म्हणून कधी चढवलाच नव्हता. परवा चढवला, तर 5 सेकंदांत खाली.