६जे१ ट्यूब बफर: डॅकच्या कोरडेपणावर कितपत उतारा?

डॅक (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये लावायचा, दोन ६जे१ व्हॅक्यूम ट्यूबांचा हा स्वस्त चिनी बोर्ड ‘डिजिटलचा कोरडेपणा घालवतो’ म्हणून विकला जातो. घालवत तो काहीच नाही, उलट भर घालतो: मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे षड्जामागे तार षड्जाची पुसट साथ. हार्मोनियमचा कपलर लावल्यावर सूर भरतो ना, त्याच जातीचा, पण फार बारीक परिणाम. ख्याल, सारंगी, एकटी बासरी यांना तो मानवतो. भरगच्च वाद्यवृंद मात्र गढूळ होतो.

नाव बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारा, पण काम प्रीॲम्पचं, सिग्नल वाढतो. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ट्यूबच्या प्लेटला (सिग्नल बाहेर पडतो त्या टोकाला) जेमतेम ३० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि डॅक ओततो पूर्ण २ व्होल्ट. ग्रिड (सिग्नल घेणारी ट्यूबमधली जाळी) पॉझिटिव्ह झाली की तिच्यातून करंट वाहतो, लाटेचा माथा चेपतो आणि मऊपणाऐवजी चरचर ऐकू येते. म्हणून प्लेअरमधला आवाज ६ ते १० डेसिबलने (डीबी) उतरवा. ६ डीबी म्हणजे व्होल्टेज निम्मं. २४ बिटच्या डॅकवर त्याने कानाला जाणवेल असं काही हरवत नाही.

सप्लाय १२ व्होल्ट एसीचाच हवा. राउटरचा डीसी अडॅप्टर लावून ‘बोर्ड मेला’ म्हणू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून १ अँपिअरचा ०-१२ ट्रान्सफॉर्मर घ्या. १२-०-१२ हाती लागला तर मधली आणि टोकाची एकच तार वापरा; दोन्ही टोकं जोडलीत तर २४ व्होल्ट जाऊन ट्यूब तापवणारे हीटर उडतील. ट्रान्सफॉर्मर बोर्डाला चिकटवून ठेवला की घूं येणारच, हातभर लांब ठेवा.

बास पातळ वाटला तर आउटपुटचा कपॅसिटर तपासा. १० किलोओहम इनपुटच्या ॲम्पला ०.४७ मायक्रोफॅरड लावला तर ३४ हर्ट्झलाच ३ डीबी उतार पडतो; १ मायक्रोफॅरडला तो १६ वर जातो. टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण् आलं तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हादऱ्याचाही आवाज करते, बदला. ६एके५ ही ट्यूब त्याच सॉकेटात बसते.

चालू करताना आधी बफर, अर्ध्या मिनिटाने ॲम्प. बंद करताना उलटं. नाहीतर स्पीकरला धप्पकन दणका बसतो.

मूळ कर्कशपणा स्पीकरचा असेल तर ट्रेबल २ डीबी उतरवणं जास्त गुणकारी, आणि फुकट. ट्यूबखालचा तो केशरी उजेडही बहुतेक एलईडीचाच असतो.