बाळ हवंय, झडप बदलायचीय: यांत्रिक की जैविक?

लहानपणीच्या रूमॅटिक तापाने भाचीच्या हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब झाली. नळीतून फुगा घालून उघडण्याजोगी ती राहिलेली नाही. वय 24, पुढे मूल हवंय. कोणती झडप घेऊ, असं तिने विचारलं.

टिकण्यात यांत्रिक, म्हणजे धातू-कार्बनची झडप सरस, ती दशकानुदशकं चालते. गाय-डुकराच्या ऊतींची जैविक झडप साधारण 10 ते 15 वर्षं चालते, तरुण वयात त्याहून लवकर झिजते. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, आणि ते पहिल्याहून अवघड.

खरा पेच औषधाचा आहे. यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि नियमित आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणी लागते. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिनने गर्भात व्यंग येऊ शकतं. रोजचा डोस 5 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर धोका कमी. त्याऐवजी दिलं जाणारं हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) बाळापर्यंत पोचत नाही, पण त्यावर झडपेत गुठळी होण्याची भीती जास्त, आणि त्यात आईचा जीव जाऊ शकतो. वॉरफरिन चालू असताना कळा आल्या तर बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून सिझेरियन करतात. जैविक झडपेत, हृदयाचे ठोके नियमित असतील तर, यातलं बहुतेक टळतं.

लवकर मूल हवं असेल आणि दुसऱ्या ऑपरेशनची तयारी असेल, तर जैविक. कुटुंब पूर्ण झालं असेल, किंवा ठोके अनियमित असल्यासारख्या कारणाने वॉरफरिन तसंही सुटणार नसेल, तर यांत्रिक. भाचीला मी जैविकच सुचवली.