रीमॅच: सोफा एक, कंट्रोलर दोन, खेळणारा एकच

परवा रीमॅच या ऑनलाइन फुटबॉल व्हिडिओ गेममध्ये, रँक्ड म्हणजे क्रमवारीसाठीच्या सामन्यात, आमचा गोलकीपर आपलाआपण चालत बॉक्सच्या बाहेर गेला आणि समोरच्या टीमने रिकाम्या गोलमध्ये आरामात चेंडू सरकवला. गोलकीपर मीच होतो. कंट्रोलर मांडीवर, दोन्ही अंगठे मोकळे. रीमॅचमध्ये बॉक्स सोडला की हात वापरायचा अधिकार जातो, मग तुम्ही बाकीच्यांसारखेच एक खेळाडू. चॅटवर कुणीतरी नुसती प्रश्नचिन्हं टाकली. त्याला काय सांगणार, की बाबा रे, डावी स्टिक ड्रिफ्ट होतेय, हात न लावताच खेळाडू पळतोय?

हा रिव्ह्यू त्याच रागात लिहायला घेतलाय, त्यामुळे आधी कंट्रोलरचं. गेम मी पीसीवर खेळतो, टीव्हीला जोडून. कंट्रोलर बाहेरच्या एका कंपनीचा आहे, नाव घेत नाही. वॉरंटी संपली आणि ड्रिफ्ट सुरू झाला, मुहूर्त काढल्यासारखा. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्क्रूसुद्धा न काढता निदान केलं, "सर, फुल बोर्ड चेंज करावा लागेल." बोर्डाची किंमत ऐकली तर त्यात थोडे घालून नवा कंट्रोलर येतो. म्हटलं, अहो, नुसतं स्टिकचं मॉड्यूल बदला ना. "तसं आम्ही करत नाही." मग काय करता? यावर त्याने मला रेटिंग द्यायची लिंक पाठवली.

शेवटी कोपरखैरण्यातल्या एका मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने कंट्रोलर खोलून जुनी स्टिक काढली आणि भिंगाखाली धरून दाखवली. आत कार्बनची बारीक पट्टी असते, तिच्यावर पत्र्याची एक जीभ सतत घासत असते. पट्टी झिजली की मधला बिंदू सरकतो आणि कन्सोल असो की पीसी, त्याला वाटतं तुम्ही स्टिक ढकलताय. "हॉल इफेक्टवाली टाकू का? त्यात घासायला काही नाहीच, मॅग्नेट असतो," म्हणाला. थोडे जास्त घेतले, पण सर्व्हिस सेंटरच्या आकड्यापुढे ते पैसे म्हणजे चिल्लर. सोल्डरचे चौदा टाके सोडवून परत मारले, समोर बसवून टेस्ट करून दिलं. फुटबॉलच्या गेममध्ये धाव, वळण, चकवा सगळं डाव्या अंगठ्यावर असतं, तेव्हा ज्यांचा कंट्रोलर वॉरंटीबाहेर आहे त्यांनी बोर्डाच्या गप्पा ऐकूच नयेत.

आता गेम. बेसिक माहिती तुम्हाला असणार. सिफू हा गेम बनवणारा फ्रान्सचा स्लोक्लॅप स्टुडिओ, 19 जून 2025 ला रिलीज, पाच विरुद्ध पाच, सहा मिनिटांचा सामना, फाउल नाही, ऑफसाइड नाही, चारी बाजूंनी भिंत. चार गोलचा फरक पडला की खेळ तिथेच खलास. मी आल्या आल्याच घेतला. घणसोलीत आमचा टर्फचा, म्हणजे भाड्याच्या नकली गवताच्या मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्यांचा, ग्रुप आहे आणि जून ते सप्टेंबर तो ग्रुप फक्त व्हॉट्सअॅपवर खेळतो. एकाचा गुडघा, एकाची बायको, बाकीच्यांचा पाऊस. त्यात रविवारी संध्याकाळी टर्फ तासाला दीड हजाराच्या आसपास जातो आणि पैसे मागायला मला लागतात. म्हटलं, पावसाळाभर घरातच खेळू.

पहिले काही आठवडे गेम आवडला नाही, स्पष्टच सांगतो. फिफा या फुटबॉल गेमची सवय असलेल्या माणसाला इथे आधी कॅमेराच बोचतो. तो एकाच खेळाडूच्या पाठीमागे असतो, पूर्ण मैदान दिसतच नाही. पास आपोआप जवळच्या माणसाला जात नाही, जिकडे बघाल तिकडे जातो. चेंडू पायाला चिकटून राहत नाही. आणि सोबतचे चौघं? निम्मा वेळ सगळे पास मागायचं बटण दाबत असतात. चेंडू आपल्याकडे आला रे आला की चारही दिशांनी "मला दे, मला दे". लग्नाच्या पंगतीत वाढप्याभोवती होतो तसा कालवा. गोलकीपर कुणाला नको असतो, त्यामुळे बॉक्समध्ये जो सापडेल तो कीपर. सुरुवातीला सर्व्हरचाही गोंधळ होता, चेंडू माझ्या स्क्रीनवर एकीकडे आणि समोरच्याच्या स्क्रीनवर भलतीकडे. हे तेव्हा सगळेच बोलत होते आणि स्टुडिओनेही मान्य केलं होतं. पुढे बरंच सुधारलं.

भिंतीचं मात्र माझं मत पार बदललं. आधी मला वाटायचं की भिंत म्हणजे पोरखेळ, चेंडू बाहेरच जात नाही हे कसलं फुटबॉल. मग एका सामन्यात उजव्या कोपऱ्यात अडकलो. समोर एक, मागून दुसरा. काही सुचेना म्हणून चेंडू तिरका भिंतीवर मारला आणि स्वतः आतल्या बाजूने पळालो. चेंडू त्याच्या पाठीमागून परत माझ्याच पायात! तो बिचारा अजून भिंतीकडे तोंड करून उभा. तिथून खेळ कळायला लागला. भिंत हा सहावा खेळाडू आहे आणि टीममध्ये तोच एकटा असा की जो पास मागत नाही. कोन साधला की मग गोलकीपरच्या डोक्यावरून भिंतीला लावून मागून येणाऱ्याला व्हॉली देता येते. टर्फवर जाळीला लागून चेंडू मरतो, इथे जिवंत होतो.

दुसरी गोष्ट, इथे सगळे खेळाडू सारखे आहेत. कुणाचा वेग नव्वद नि कुणाचा साठ असला प्रकार नाही. पैसे टाकून मिळतात ते कपडे, बूट, नाचायच्या तऱ्हा. ताकद विकत मिळत नाही. वयाची पस्तिशी उलटलेल्या आणि खिसा बघून खर्च करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा नाही. हरलो तर माझ्या कर्माने हरलो, समोरच्याच्या क्रेडिट कार्डाने नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग तक्रार काय. तक्रार एकच आहे, पण ती माझ्या डोक्यातून जात नाही. एका टीव्हीवर दोघांना खेळता येत नाही. स्प्लिट स्क्रीन नाही, एका मशीनवर दोन खेळाडू नाहीत, काहीच नाही.

माझा भाचा ठाण्याला वर्तकनगरला राहतो. सुट्टी असली की ट्रान्स-हार्बर पकडून घणसोलीला उतरतो, चप्पल दारात काढता काढता विचारतो, "मामा, अपडेट मारलंयस ना?" दुसरा कंट्रोलर मी त्याच्यासाठीच घेतला होता. आता तो दुसरा कंट्रोलर शोकेसमध्ये. एक जण खेळतो, दुसरा बाजूला बसून अक्कल शिकवतो. "मामा, पास दे की! अरे डावीकडे, डावीकडे!" गोल खाल्ला की कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात, असा आम्ही नियम केला. त्यामुळे तो माझ्या बाजूने ओरडतोय की विरुद्ध बाजूने, हेच कळत नाही.

याची कारणं मला माहीत आहेत. मागून दिसणारा कॅमेरा अर्ध्या स्क्रीनवर कोंबायचा तर मैदान दिसणार नाही, मशीनला तेच चित्र दोनदा काढावं लागणार, सामना तर सर्व्हरवर चालतो. सगळं मान्य. पण गल्लीतल्या फुटबॉलवर गेम बनवायचा आणि शेजारी बसलेल्यालाच खेळता येऊ नये? ऑनलाइन कुठल्या देशातला कोण, त्याच्याबरोबर मी खेळू शकतो. हाताच्या अंतरावर वडापाव खात बसलेल्या भाच्याबरोबर नाही. त्यासाठी दुसरं मशीन घ्या आणि गेमची दुसरी प्रत घ्या.

गंमत पुढे आहे. रिलीजच्या वेळी क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवाल्यांनी एकत्र खेळायची सोय, नव्हता, पीसीवाले पीसीवाल्यांत आणि प्लेस्टेशनवाले प्लेस्टेशनवाल्यांत. नंतरच्या अपडेटमध्ये तो आला. भाच्याच्या शेजारच्या मित्राकडे पीएस 5 आहे. त्यामुळे हल्ली भाच्याला माझ्याबरोबर खेळायचं असलं की तो माझ्याकडे येतच नाही, मित्राच्या घरी जातो. क्रॉसप्लेमुळे सामन्याला खेळाडू लवकर जमतात, खेळाचा दर्जाही वाढला, हे शंभर टक्के. पण आमच्या घरात माणूस एक कमी झाला. ताई मात्र खूश आहे, कारण दहावीच्या वर्षी पोरगं लोकलने फिरत नाही. ते शेजारी बसून काय करतं, हे मी तिला सांगितलेलं नाही.

या वैतागात मी माळ्यावरून जुना पीएस 3 काढला. कॉलेज संपता संपता घेतलेला. त्यात 2012 चा फिफा स्ट्रीट, कव्हरवर मेस्सी. ही सीडी पुढच्या पीएस 4 किंवा पीएस 5 मध्ये चालत नाही, म्हणून ज्यांनी पीएस 3 विकला ते मुकले. चालू होईल अशी आशा नव्हती. फॅनने घरघर केली आणि झाला की सुरू!

दोन कंट्रोलर, एक टीव्ही, ना लॉगिन ना नेटच्या उशिराची कटकट. कंट्रोलरवरचं एल 2 बटण दाबून धरलं की खेळाडू जागेवर उभा राहतो, चेंडू तळव्याखाली. डावी स्टिक हलवून चेंडू इकडून तिकडे लोळवत समोरच्याला खिजवायचं. तो पाय टाकणार हे त्याच्या खांद्यावरून कळतं, आणि टाकला की चेंडू त्याच्या दोन पायांमधून. पन्ना रूल्स नावाचा एक प्रकार आहे त्यात. जमिनीवरून चकवलं तर 1 गुण, हवेतून 2, पायांमधून काढला तर 3. पण हे गुण आपले होतात ते गोल केल्यावरच. तोवर ते हवेत. समोरच्याने आधी गोल मारला की जमवलेलं सगळं पाण्यात. भाच्याने एकदा माझ्या पायांमधून इतक्या वेळा चेंडू काढला की त्याचं त्यालाच हसू आवरेना. त्या हसण्यात मी चेंडू काढून घेऊन गोल केला. पोरगं उठून उभंच राहिलं, "हे चीटिंग आहे मामा!" दुसरा प्रकार लास्ट मॅन स्टँडिंग: गोल केला की आपलाच एक खेळाडू बाहेर, ज्याची टीम आधी संपेल तो जिंकला. म्हणजे जिंकत जाल तसं अवघड होत जातं. एवढी साधी आणि एवढी भांडणं लावणारी कल्पना मला रीमॅचमध्ये सापडत नाही.

म्हणून 2012 चा गेम चांगला आणि रीमॅच वाईट, असं नाही. फुटबॉल म्हणून रीमॅच कितीतरी पुढे आहे. फिफा स्ट्रीटमध्ये चकवे झाले की गोलला फारसा अर्थ उरत नाही, आणि कॉम्प्युटरविरुद्ध थोडं खेळलं की कंटाळा येतो. रीमॅचमध्ये जागा सोडणं, मागे राहणं, योग्य वेळी कीपर होणं, हे खरं टर्फवरचं शहाणपण लागतं. आमच्या ग्रुपमधले जे टर्फवर पास देत नाहीत, ते इथेही देत नाहीत. माणूस तोच. स्वतःच्या गोलवर भिंतीवरून चेंडू मारून घेणारेही तेच. अर्थात स्वयंगोलला हसू नये. इथे नेरुळला डी. वाय. पाटीलवर 2022 ची मुलींची 17 वर्षांखालील वर्ल्ड कप फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं, तो एकमेव गोल स्वयंगोलच होता.

मधल्या काळातल्या व्होल्टाबद्दल, म्हणजे फिफा बनवणाऱ्या ईए कंपनीच्या गेममधल्या गल्ली-फुटबॉलच्या प्रकाराबद्दल, लोक विचारतात. तो फिफा 20 बरोबर 2019 ला आला, एफसी 24 पर्यंत टिकला (एफसी हे त्याच फिफा मालिकेचं नवं नाव), एफसी 25 मध्ये त्याच्या जागी रश आलं: पाच-पाचचे सामने, गोलकीपर कॉम्प्युटरचा, निळं कार्ड मिळालं की एक मिनिट बाहेर. रश वाईट नाही, पण त्यासाठी पूर्ण किमतीचा गेम घ्यायचा आणि वर्षभराने त्याचा पुढचा आकडा येणार. हे गणित मला झेपत नाही. शिवाय फिफा नावाचे जुने गेम 2023 मध्ये डिजिटल दुकानांतून काढून टाकले गेले, आता फिफामधल्या व्होल्टासाठी जुनी सीडीच शोधावी लागते.

मग घ्यायचा का? एकटे खेळणार असाल, घरचं नेट धड असेल आणि चार अनोळखी माणसांचा कालवा सोसत असेल तर रीमॅच डोळे मिटून घ्या, सेल लागला की. बॅटल पासच्या, म्हणजे खेळत जाऊन बक्षिसं उघडायच्या विकतच्या पासच्या, नादी लागू नका, त्यात कपड्यांपलीकडे काही नाही. घरात भाऊ, भाचा, मुलगी कुणी असेल आणि शेजारी बसून खेळायचं असेल तर तेच पैसे जुन्या पीएस 3 मध्ये घाला. कुणी माळा साफ करताना विकायला काढला असेल तर आधी सीडी घालून एक पूर्ण सामना खेळून बघा, लेन्स गेलेली असली तर सामना लोड होतानाच अडकतो. फिफा स्ट्रीटची सीडी घेताना ती उजेडात तिरकी धरा. गोल गोल ओरखडे असतील तर भाव पाडा, मधून कडेकडे गेलेले असतील तर बहुतेक वेळा चालते. आणि विकणारा "दुसरा कंट्रोलर पण आहे" म्हणाला, तर तो फुकटात मागा.