शिलाईच्या लाइन टाकायच्या तर इथिओपिया की केनिया?

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला. निर्यातीच्या कपड्यांसाठी पूर्व आफ्रिकेत लाइन टाकायच्या तर इथिओपियातल्या हवासाला जावं की केनियातल्या अथी रिव्हरला? मजुरी, वीज, शेडचं भाडं यांचे तक्ते तुम्ही करून ठेवलेच असतील, आणि त्या तक्त्यांत इथिओपिया आरामात पुढे असेल. माझ्याही तक्त्यात होता. मी आधी तिकडेच गेलो, आज केनियात आहे. त्यामुळे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते लक्षात असू द्या.

आधी इथिओपियाची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. हवासाचं औद्योगिक पार्क २०१६ मध्ये उघडलं. तयार शेड, सांडपाण्याची व्यवस्था, दाराशी कस्टम्स. त्याच वर्षी शेजारच्या जिबूती बंदरापर्यंतच्या विजेवरच्या रेल्वेचं उद्घाटन झालं, बराचसा पैसा चीनच्या कर्जाचा. खाजगी क्षेत्राला किमान वेतनाचा कायदा नाही. सुरुवातीच्या काळात ऑपरेटरचा मूळ पगार महिन्याला साधारण २६ डॉलर होता, केनियात त्याच्या कित्येक पट. (एवढ्या पगारावर मुली टिकत नाहीत, दर काही महिन्यांनी नवी बॅच शिकवायला घ्यावी लागते. हे तक्त्यात येत नाही, पण तो वेगळा विषय.) माणसं मात्र फार चांगली. माझी सगळ्यात नीटनेटकी लाइन हवासातलीच होती, हे आजही म्हणेन.

मग बिनसलं कुठे? तारखांच्या हिशोबात.

पॉलिएस्टरचा निटेड टी-शर्ट अमेरिकेत शिरताना ३२ टक्के ड्यूटी लागते, सुती असेल तर साडेसोळा. ‘अगोआ’ या आफ्रिकी देशांना सवलत देणाऱ्या अमेरिकेच्या कायद्याखाली पात्र देशाच्या कपड्याला ती शून्य. आम्ही मुद्दाम पॉलिएस्टर धरलं होतं, कारण सवलतीचा फायदा तिथेच सर्वांत जास्त. ही पात्रता अमेरिकेचे अध्यक्ष दरवर्षी तपासतात, हे आम्हाला माहीत होतं. वाहनाचा विमा दरवर्षी भरतो तसं काहीतरी, इतक्याच गांभीर्याने आम्ही ते घेतलं. २०२० च्या नोव्हेंबरात इथिओपियाच्या उत्तरेकडच्या तिग्रेमध्ये युद्ध सुरू झालं. ते हवासापासून खूप लांब होतं, आमची एकही पाळी बुडाली नाही. २ नोव्हेंबर २०२१ ला जाहीर झालं की मानवी हक्कांच्या उल्लंघनामुळे इथिओपिया १ जानेवारी २०२२ पासून ‘अगोआ’च्या यादीबाहेर. म्हणजे हातात ६० दिवस.

आता आमच्या धंद्याचे दिवस मोजा. कापडाची ऑर्डर दिल्यापासून ते जिबूतीला येईपर्यंत दीड-दोन महिने, शिलाई-पॅकिंगला महिना, मग समुद्रात महिनाभर किंवा जास्त. चारेक महिन्यांचं चक्र. निर्णय झाला त्या दिवशी आमचं काही कापड जहाजात होतं, काही टेबलावर कापलेलं होतं, आणि काही खोकी बंदराकडे निघाली होती. ड्यूटी लागते ती माल अमेरिकेत दाखल होताना. तो निघाला कधी, याला किंमत नाही. कागदोपत्री ड्यूटी आयातदार भरतो, पण कापली जाते आपल्या भावातून. आमच्या खरेदीदाराने दोन ओळींच्या मेलमध्ये नवा भाव कळवला. त्या भावात कापडाचेही पैसे सुटत नव्हते. त्याच सुमारास पीव्हीएचसारख्या कपड्यांच्या मोठ्या अमेरिकी कंपनीने हवासातून काढता पाय घेतला. आमच्यासारख्यांना दुसरा खरेदीदार शोधायलाही वेळ मिळाला नाही.

निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. तिग्रेमध्ये जे घडलं त्याच्यापुढे माझ्या टी-शर्टांची काय कथा. पण सरकारवर आणलेला तो दाब सरकारपर्यंत किती पोचला कोण जाणे, शिलाई यंत्रावरच्या मुलीपर्यंत मात्र लगेच पोचला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियाला शांतता करार झाला, पण २०२३ उजाडलं तरी इथिओपियाचं नाव यादीत परत आलं नव्हतं. मादागास्करचंही असंच झालं होतं. २००९ च्या सत्तापालटानंतर सवलत गेली, ती २०१४ मध्ये परत मिळाली. जायला दोन महिने, यायला काही वर्षं.

दुसरी डोकेदुखी डॉलरची, पण ती थोडक्यात सांगतो. बिर, म्हणजे इथिओपियाचं चलन, सरकारने धरून ठेवलेला होता आणि बँकेत डॉलरच नसत. झिपर आणि इलॅस्टिकसाठी एलसी (आयातीच्या पैशांची बँकेची हमी) उघडायला आम्ही आठवडेच्या आठवडे थांबलोय. जुलै २०२४ मध्ये नाणेनिधीच्या कार्यक्रमाबरोबर बिर मोकळा सोडला गेला आणि डॉलरचा भाव ५७ वरून काही आठवड्यांत शंभरापार गेला. निर्यातदाराला हे बरंच म्हणायचं. आज जाणाऱ्याला माझ्याएवढा त्रास बहुधा होणार नाही.

केनिया काही स्वर्ग नाही. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकावरून नैरोबीत जे पेटलं ते मी जवळून पाहिलं. ते विधेयक कर्जाचे हप्ते आणि नाणेनिधीच्या अटी यांच्या चिमट्यातून आलेलं होतं. लोक संसदेत घुसले, माणसं मेली, शेवटी अध्यक्षांनी ते मागे घेतलं. आमचं काम चार दिवस बंद होतं. शिलिंगचीही गंमत पाहा. २०२४ च्या सुरुवातीला डॉलरला १६० च्या आसपास होता, सरकारने नवे रोखे विकून जुन्या युरोबाँडच्या (परदेशात विकलेल्या कर्जरोख्यांच्या) परतफेडीची सोय केली आणि तो १३० वर आला. बाहेरच्यांनी केनियाला शाबासकी दिली, माझा पगाराचा खर्च मात्र डॉलरमध्ये बसल्या जागी पाचव्या भागाहून जास्त वाढला.

आणि अमेरिकेच्या बाबतीत केनिया तरी कुठे निर्धास्त आहे? एप्रिल २०२५ च्या नव्या शुल्कांत त्याच्यावर १० टक्के आले. ३० सप्टेंबर २०२५ ला ‘अगोआ’ची मुदतच संपली, मुदतवाढीची चर्चा शेवटपर्यंत चालू होती, तरी ती तारीख तशीच उलटली. त्या दिवशी मला हवासाची आठवण झाली हे कबूल करतो. फरक एवढाच की ही तारीख दहा वर्षांपूर्वी छापलेली होती. आम्ही वर्षभर आधीच अमेरिकेचा वाटा कमी करायला लागलो होतो.

तो वाटा गेला युरोपकडे, आणि इथेच माझं पारडं झुकतं. इथिओपियाला युरोपची दारं उघडीच आहेत, ‘एव्हरीथिंग बट आर्म्स’ योजनेत, अल्पविकसित देश म्हणून. युद्धाच्या काळातही ती बंद झाली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती एकतर्फी मेहेरबानी आहे. कंबोडियाची हीच सवलत २०२० मध्ये अंशतः काढली गेली. केनिया अल्पविकसित गटात नाही, त्यामुळे त्याला ही योजना मिळतच नाही. त्याने युरोपीय संघाशी करार केला, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. बदल्यात त्यालाही आपली बाजारपेठ टप्प्याटप्प्याने उघडावी लागतेय आणि त्यावर तिथे बरीच टीकाही होते. मला त्यात बरं वाटतं ते हे की दोन्ही बाजूंचं काहीतरी अडकलेलं आहे. केनियाने याचा धडा आधी घेतला होता: २०१४ च्या शेवटी वाटाघाटी लांबल्या तेव्हा तीन महिने त्याच्या फुलांवर युरोपात शुल्क लागलं होतं.

बंदराचंही एक आहे. जिबूतीत अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन या सगळ्यांचे लष्करी तळ आहेत. इथिओपियाचा जवळजवळ सगळा समुद्री व्यापार त्या एका दारातून जातो, आणि दारासमोर बाब-एल-मांदेब, तांबड्या समुद्राच्या तोंडाची अरुंद सामुद्रधुनी. येमेनच्या हूती बंडखोरांनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर केनियाच्या मोंबासा बंदराहून युरोपला जाणारा मालही आफ्रिकेला वळसा घालून गेला, उशीर झालाच. पण मोंबासाची बोट आधीच खुल्या समुद्रात असते.

तुमचा माल मुख्यतः युरोपला जाणार असेल, कापड सुती असेल आणि वर्षभर पगार स्वतःच्या खिशातून देण्याची ताकद असेल, तर हवासा जरूर बघून या. मी चुकीचाही असू शकेन, माझं दुधानं तोंड भाजलेलं आहे. बाकीच्यांना मी अथी रिव्हरच सुचवेन. आणि कुठेही जा, खरेदीदाराच्या करारात एक कलम घालून घ्या: कापड कापलं गेल्यानंतर ड्यूटी बदलली तर फरक निम्मा-निम्मा. माझ्या दोघा खरेदीदारांनी ते वाचून फोन ठेवला, तिसऱ्याने सही केली. मी अजून त्याच्यासाठीच शिवतो.