गच्चीवरच्या गुलाबांना बोर्डो मिश्रण : जून ते थंडीचा अनुभव

जूनपासून गच्चीवरच्या गुलाबांना घरी केलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं बुरशीनाशक, मारतेय. माझं मत असं : काळ्या ठिपक्यांसाठी उत्तम, भुरीसाठी (पांढऱ्या पुडीसारखी दिसणारी बुरशी) यावर विसंबू नका.

काळे ठिपके आधी खालच्या पानांवर दिसतात. कड गुळगुळीत नसते, झालरीसारखी विस्कटलेली असते. भोवती पान पिवळं पडतं आणि गळतं. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की बुरशी आत शिरते, त्यामुळे पुण्यातल्या जुलैच्या झिमझिमीत हा रोग नुसता पसरत जातो. आत शिरलेल्या बुरशीवर बोर्डो चालत नाही. तांब्याचा थर आधीच असेल तर बीजाणू रुजत नाहीत, आणि हे काम ते चोख करतं. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी बोर्डो पुढे आणलं, तेही याच गुणामुळे. म्हणून उघडीप बघून, पानांच्या खालूनही फवारायचं. जोराच्या पावसानंतर पुन्हा.

एक टक्का मिश्रणाला लिटरमागे १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना. गुलाबाच्या कोवळ्या लाल फुटीला ते कडक पडतं, म्हणून मी दोन्ही निम्मंच घेते. प्लास्टिकच्या दोन भांड्यांत वेगवेगळं कालवून मोरचुदाचं पाणी चुन्यात ढवळत ओतायचं. आकाशी रंग आला की लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं करपणार. थर येईनासा होईपर्यंत चुना वाढवा. ही चाचणी कधीच टाळू नका. फडक्यातून गाळलं नाही तर पंपाचं नोझल तुंबतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

नोव्हेंबरात कळ्यांवर पांढरी पूड आली, ती भुरी. तिला ओलं पान लागत नाही, कोरडे दिवस आणि गार रात्री पुरतात. तिथे पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही संध्याकाळी. कडक उन्हात पानं भाजतात. नवी फूट स्वच्छ आली.

गळलेली रोगट पानं मात्र रोज वेचावीच लागतात, त्याला पर्याय नाही.

पानांवर निळसर डाग राहतात, ते मला चालतात. फवारताना चष्मा लावा, चुना-मोरचूद डोळ्यांना फार वाईट. कमळाच्या टाकीत मासे असतील तर टाकी झाकूनच फवारा, तांबं माशांना मारतं.